बॅटरी बदलण्याआधी बोनेट उघडा

लग्नसराई आहे, घर पाहुण्यांनी भरलंय, आणि कांदाचाळीच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली आजोबांची पद्मिनी आज बाहेर काढायचं ठरलंय. तुम्ही ऐटीत किल्ली फिरवता. ‘टक्’. बस, एवढंच. मग दोन चुलतभाऊ, एक शेजारी आणि एक हौशी पाहुणा मिळून धक्का मारतात, गाडी कशीबशी सुरू होते आणि गर्दीतून ठरलेला सल्ला येतो, ‘‘बॅटरी गेली भाऊ, नवी टाका.’’

देवळ्यात आमच्या घरी हा सल्ला ऐकून एक बॅटरी बदलून झाली होती. सहा महिन्यांत दुसरीही बसायला लागली. तिसरीचे पैसे काढायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, ‘‘आता पुरे. भंगारवाल्याला बोलवा.’’ भंगारवाला आला, टायर लाथेनं दाबून बघितले आणि आकडा सांगून गेला. उत्तर द्यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते तुमच्याही कामाचं आहे. गाडी फियाट असो, अ‍ॅम्बॅसेडर असो की जुनी जीप.

ही गाडी काही साधी नाही बरं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची. इटलीच्या फियाट ११०० चं हे देशी रूप. ‘पद्मिनी’ हे नाव सत्तरच्या दशकात आलं. मुंबईच्या रस्त्यावरून या गाडीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा लोक अक्षरशः हळहळले. म्हणजे जी आहे ती टिकवायची, नवी मिळणार नाही.

आता चार्जिंगचं गणित. शेतातल्या माणसाला ते लगेच कळतं. बॅटरी म्हणजे टाकी, डायनॅमो किंवा अल्टरनेटर म्हणजे मोटर आणि वायरी म्हणजे पाइप. मोटर बंद असेल किंवा पाइप तुंबला असेल तर नवी टाकी आणून पाणी येईल का? गाडी सुरू झाली की खरं काम मोटरनं करायचं असतं. रात्री ४५ वॅटचे दोन हेडलाइट लावले तर तेवढ्यालाच साडेसात अँपिअर लागतात. मोटर बंद असेल तर हे सगळं बॅटरीतून जातं आणि काही वेळात दिवे पिवळे पडतात. (त्यावर तुम्ही मोठ्ठा अ‍ॅम्प्लिफायर लावला असेल तर बोलायलाच नको.)

पहिली तपासणी फुकट आहे. किल्ली ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर आधी त्याचा बल्ब बघा. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या बल्बमधूनच मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर धडधाकट असूनही झोपून राहतो. इंजिन सुरू केल्यावर दिवा विझला पाहिजे. डायनॅमोच्या गाडीत मात्र आयडलला तो मिणमिणला तर घाबरू नका, रेस दिल्यावर विझतो. डायनॅमो कमी फेऱ्यांत फारसा चार्ज करतच नाही, हा त्याचा जुना स्वभाव.

मग इंजिन बंद करून बेल्ट अंगठ्यानं दाबा. साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. लोंबत असेल किंवा चकाकत असेल तर घसरतोय. टर्मिनलवर पांढरा-हिरवट साका असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून घासा. बॅटरीपाशी काम करताना हातातलं कडं आणि अंगठी आधी काढा, विडी-सिगारेट लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो.

यानंतर मल्टिमीटर लागतो. दोन-तीनशे रुपयांत मिळतो, नाहीतर फिजिक्स लॅबमधल्या मित्राला पटवा. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. इंजिन सुरू करून जरा रेस दिली की १३.८ ते १४.४. आमच्या गाडीत दिसले १२.३. म्हणजे चार्जिंग नाही. अल्टरनेटर गेला म्हणून मी मोकळा झालो होतो.

ज्यांनी मला थांबवलं ते डायनॅमो-सेल्फ दुरुस्त करणारे आमचे मिस्तरीकाका. ट्रॅक्टरचं सेल्फ उघडून बसले होते, मान वर न करता म्हणाले, ‘‘मीटर बॅटरीवर काय लावतो बाळा? अल्टरनेटरवरच लावून बघ ना.’’ घरी येऊन लावला. अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलवर, त्याच्याच बॉडीला दुसरी तार टेकवून, १४.२! मोटर पाणी उपसत होती, टाकीत पोचत नव्हतं. १.९ व्होल्ट वाटेत कुठंतरी गायब.

ते शोधायची रीत सोपी आणि फार सुंदर आहे. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलला, दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हला. आमच्याकडे ०.२ आले, चालतंय. मग एक तार इंजिनच्या उघड्या लोखंडाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. इथं ०.२ च्या आत यायला हवेत. आले १.७. सापडलं! हिशेबही जुळला.

इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेल्या तारेची अर्थिंगची पट्टी असते. मागच्या वर्षी ताईच्या लग्नाआधी गाडीला रंग दिला, तेव्हा ती पट्टी बसते त्या जागेवरही चकचकीत रंग मारला गेला होता. रंगावर बोल्ट आवळलेला. सेल्फचा दणदणीत करंटही याच वाटेनं जातो, म्हणून तर ते ‘टक्’. पॉलिश पेपरनं लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर टाकला, पट्टी नवी बसवली. बॅटरीवर १४.० दिसले.

इथंही काही सापडलं नाही तर वायरी उंदरांनी कुरतडल्यात का बघा. कांद्याच्या चाळीत ते हक्कानं राहतात. बंद गाडीची बॅटरी आपोआप उतरत असेल तर निगेटिव्ह काढून मधे मीटर अँपिअरवर लावा. जुन्या गाडीत कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे आकडा जवळजवळ शून्य हवा. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल. आणि अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चेक’ करायची जी पद्धत गावोगाव आहे ती कृपा करून सोडा. आतले डायोड त्यानंच जळतात.

परवा चांदवडहून लग्न आटोपून रात्री परतलो. भावडबारी घाटात हेडलाइट, वायपर सगळं चालू, आणि वडील रस्त्यापेक्षा त्या लाल दिव्याकडे जास्त बघत होते. तो लागला नाही. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘मग ती पहिली बॅटरी?’’ ती जुन्यात दिली होती. बहुतेक चांगलीच होती.