अणुवीज केंद्रातील बिघाड व संरक्षक यंत्रणा

अणुवीज केंद्रातील पंप, झडप, टरबाइन, केबल यांसारखे एखादे उपकरण निकामी झाले असता विक्रियक (अणुभट्टी) सुरक्षित स्थितीत आणण्यासाठी योजलेल्या साधनांना संरक्षक यंत्रणा म्हणतात. या यंत्रणेला मुख्यतः तीन कामे करावी लागतात : (१) युरेनियमाच्या भंजनाची साखळी विक्रिया थांबविणे, (२) इंधनातील उष्णता सतत काढून घेणे व (३) किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पडू न देणे.

यांपैकी पहिले काम त्यामानाने सोपे असते. न्यूट्रॉन शोषून घेणारे दंड गाभ्यात सोडले की, साखळी विक्रिया काही सेकंदांत थांबते. तथापि भंजनातून निर्माण झालेल्या द्रव्यांचा किरणोत्सर्गी ऱ्हास चालूच राहतो व त्यापासून उष्णता मिळत राहते. ही उष्णता विक्रियक बंद करताच पूर्ण शक्तीच्या सु. ६ ते ७ टक्के, एका तासाने सु. १·५ टक्के व एका दिवसाने सु. ०·५ टक्का असते. २२० मेगॅवॉट वीज देणाऱ्या विक्रियकात सु. ७५० मेगॅवॉट उष्णता निर्माण होत असते. म्हणजे तो बंद केल्यावर तासाभरानेही १० मेगॅवॉटपेक्षा अधिक उष्णता काढून घ्यावी लागते. ती तशीच साचू दिल्यास इंधन वितळते. म्हणून बहुतेक गंभीर अपघातांचे मूळ विक्रियक थांबविण्यात नव्हे, तर त्यानंतरच्या शीतनात आढळते.

एक साधन बिघडल्यास दुसरे उपयोगी पडावे म्हणून पंप, जनित्रे, मापक उपकरणे इ. एकाहून अधिक संख्येने बसवितात. परंतु ही साधने खरोखरच परस्परांपासून स्वतंत्र असतील, तरच अशा योजनेला अर्थ राहतो. तसेच उपकरणाची खरी स्थिती चालकाला कळणेही आवश्यक असते. पुढील दोन घटनांवरून हे स्पष्ट होईल.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड केंद्राच्या दुसऱ्या विक्रियकात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे बाष्पजनित्रांना पाणी पुरविणारे मुख्य पंप बंद पडले. टरबाइन व विक्रियक आपोआप थांबले. वाढलेल्या दाबामुळे उघडलेली निवारक झडप मात्र दाब उतरल्यावर मिटली नाही व तिच्यातून शीतनक पाणी निसटत राहिले. नियंत्रण कक्षातील दिवा झडप मिटण्याचा आदेश गेल्याचे दाखवीत होता. झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता. आणीबाणीचे पंप योजनेप्रमाणे सुरू होऊन गाभ्याकडे पाणी पाठवू लागले. परंतु दाबनियंत्रक पात्रातील पातळी चढलेली पाहून पाणी जादा झाले, असा चालकांचा समज झाला व त्यांनी तो पुरवठा घटविला. निसटणारे पाणी रोखण्यास दोन तासांहून अधिक काळ लागला आणि गाभ्याचा सु. निम्मा भाग वितळला. भोवतालची आवेष्टन इमारत अभंग राहिल्यामुळे बाहेर पडलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचे प्रमाण मर्यादित राहिले.

याउलट उत्तर प्रदेशातील गंगाकाठच्या नरोरा केंद्रात यंत्रणाच हतबल झाली, पण गाभा वाचला. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे तेथील पहिल्या विक्रियकाच्या टरबाइनाची अखेरच्या टप्प्यातील दोन पाती धातूच्या शिणवट्यामुळे तुटली. असंतुलनामुळे तीव्र कंपने निर्माण झाली, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायू बाहेर निसटून पेटला व वंगण तेलानेही पेट घेतला. चालकांनी मिनिटभराच्या आत विक्रियक बंद केला. परंतु आग केबलींतून पसरली. मुख्य व पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबली अग्निरोधक अडथळ्यांनी पुरेशा विलग केलेल्या नसल्यामुळे दोन्ही पुरवठे तुटले व केंद्र सु. १७ तास विजेविना राहिले. धुरामुळे नियंत्रण कक्षही सोडावा लागला. साखळी विक्रिया पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी विजेरीच्या उजेडात विक्रियक इमारतीत वर चढून झडपा हाताने उघडल्या व न्यूट्रॉन शोषणारा बोरॉनयुक्त विद्राव आत सोडला. डीझेल एंजिनावर चालणाऱ्या अग्निशामक पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी भरण्यात आले. गाभ्यात तापून हलके झालेले जड पाणी वर चढणे व बाष्पजनित्रांत निवून खाली येणे, या नैसर्गिक अभिसरणाने पंपांवाचून उष्णता वाहून नेली. किरणोत्सर्गी द्रव्ये बाहेर पडली नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रेणीतील सातपैकी तिसऱ्या पातळीवर या घटनेची नोंद झाली. पुढे पात्यांची रचना बदलण्यात आली व केबली विलग मार्गांनी नेण्यावर भर देण्यात आला.

एकाच कारणाने सर्व पर्याय एकदम निकामी होण्याचा धोका जपानमधील फुकुशिमा दाइ-इची केंद्रात ११ मार्च २०११ रोजी पुन्हा प्रत्ययास आला. भूकंप होताच चालू विक्रियक आपोआप थांबले होते. परंतु त्सुनामीच्या पाण्याने आणीबाणीची वीजव्यवस्था निकामी झाली आणि तीन विक्रियकांचे गाभे वितळले. म्हणूनच गुरुत्व व नैसर्गिक अभिसरण यांवर चालणाऱ्या, विजेची अपेक्षा न ठेवणाऱ्या साधनांना आधुनिक अभिकल्पांत विशेष महत्त्व देण्यात येते.