पंचाहत्तर वर्षांचा चकवा

दाढ काढून माणूस घरी येतो, पेज पिऊन झोपतो. मध्यरात्री आवाज घोगरा होतो, थुंकी गिळवत नाही. पहाटेपर्यंत श्वास कोंडतो. अंगावर पित्ताची एक गांधी नाही, खाज नाही. ॲलर्जी समजून ॲड्रेनलिन देतात, स्टेरॉइड देतात. सूज ढिम्म हलत नाही.

1888 साली विल्यम ऑस्लर यांनी एका घराण्याच्या पाच पिढ्यांतली ही सूज नोंदवली. ती वारशाने येते, हे त्यांनी अचूक ओळखलं. पण दोष मज्जातंतूंवर गेला आणि आजाराच्या नावातच ‘न्यूरोटिक’ येऊन बसलं. गुदमरणाऱ्या माणसाला ‘मन शांत ठेवा’ म्हणायला तेवढं नाव पुरेसं होतं!

1963 साली व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांना या रुग्णांच्या रक्तात खरी उणीव सापडली. सी-1 एस्टरेज या विकराला लगाम घालणारं प्रथिन, सी-1 इनहिबिटर, तिथे कामच करत नव्हतं. दोनच वर्षांत आणखी एक कोडं सुटलं. काही रुग्णांत हे प्रथिन मोजायला पुरेसं, पण कामाला शून्य: हजेरीपटावर सही, कामावर दांडी. पुढे कळलं की हाच लगाम ब्रॅडिकायनिन या सूज आणणाऱ्या रसायनालाही आवरतो. तो सुटला की केशवाहिन्या पाझरतात. ॲलर्जीतल्या हिस्टामिनचा संबंधच नाही, मग ॲलर्जीची औषधं कशी चालणार?

अशा रुग्णाची शस्त्रक्रिया असली की भूलतज्ज्ञाच्या कामाचा क्रमच यामुळे बदलला. आता हे प्रथिन आधीच भरायचं: शस्त्रक्रियेच्या एक ते सहा तास आधी, मोठ्या माणसाला साधारण 1000 युनिट. प्रथिनाच्या भुकटीत पाणी मिसळल्यावर कुपी खळखळ हलवायची नाही, अलगद गोल फिरवायची. हे प्रथिन मिळत नसेल तर फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी भिस्त त्यावरच. पण प्लाझ्मात लगामाबरोबर सुजेचा कच्चा मालही असतो, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. घशात नळी घालतानाचा ओझरतं घर्षणही सुजेला निमित्त होतं, म्हणून जमेल तिथे तेवढाच भाग बधिर करतात. आणि सगळं सुरळीत झालं तरी रुग्णाला लगेच घरी धाडत नाहीत. सूज दीड दिवसानेही येते.

तुमच्या घरात कुणाचे ओठ, हात किंवा घसा खाज नसताना वारंवार सुजत असतील, तर दाढ काढण्याआधीही ते डॉक्टरांना सांगा. ॲलर्जी म्हणून नव्हे, घराण्यातली सूज म्हणून सांगा.