कुंकवाचा कारखाना

भांडवल थोडें, जागा घरचीच आणि माल असा कीं जो घरोघर लागतो, असा धंदा कोणता असें विचारलें म्हणजे सुशिक्षित घरांतील लेकीसुना हल्लीं पुष्कळदां प्रसाधनांचें नांव घेतात. साबण करावा, उटणें कुटावें, केसांचें तेल कढवावें आणि डबीवर सुबक चिठ्ठी चिकटवावी, कीं झाला धंदा सुरू, अशी समजूत असते. आम्ही तर त्याच्याहि अलीकडचे. ‘हा धंदा नव्हे, पोरखेळ आहे,’ असें आम्हीं घरांत स्पष्ट बोलून दाखविलें होतें. पुढें त्याच पोरखेळाच्या जमाखर्चाची वही आमच्याकडे आली. पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलेल्या हातानें टाकणखाराचे आणि तुरटीचे भाव लिहितांना जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मूळ कारण दुखण्याचें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या कुटुंबाच्या कपाळावर, कुंकू लावण्याच्या जागींच, खाज सुटूं लागली. आधीं घामोळें समजून चंदन लावलें. पुढें कातडी काळवंडली, तेव्हां धाराशिवास त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं एकदां पाहिलें आणि विचारलें, “कुंकू कोणतें लावतां?” यात्रेंतून आणलेली पुडी होती, तिच्यावर ना करणाराचें नांव, ना तारीख, ना आंत काय आहे याचा उल्लेख. डॉक्टर म्हणाले, कृत्रिम रंगानें असें पुष्कळांना होतें. चिकट टिकलीच्या गोंदानें तर कित्येकींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. कांहीं महिने कुंकू बंद ठेवावें असा त्यांचा सल्ला. चाळीस वर्षांत जें कपाळ एक दिवस मोकळें राहिलें नव्हतें तें मोकळें ठेवणें घरांत किती जड गेलें, हें आमच्या वाचक-भगिनींस सांगावयास नको.

आमची सूनबाई रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली आहे. तिनें त्या पुडींतील चिमूटभर कुंकू पेलाभर पाण्यांत टाकलें. क्षणांत पाणी गुलाबी झालें आणि तळाशीं पांढरी पूड बसली. हळद पाण्यांत अशी विरघळत नाहीं. त्या कुंकवांत हळद नव्हतीच. पेला ओट्यावर तसाच होता, तेवढ्यांत थोरल्या वहिनी आंतून आल्या. त्या पाण्याकडे पाहून म्हणाल्या, “भाऊजी, आमच्या माहेरीं कुंकू घरीं करीत. मला येतें.”

वहिनींचें माहेर करमाळा तालुक्यांतलें, केमजवळचें. कुर्डुवाडीहून पुण्याकडे जातांना लागणारें केम हें गांव कुंकवासाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. वहिनींचें वय बहात्तर. थोरले बंधु वारल्यास पस्तीस वर्षें झालीं. त्या पस्तीस वर्षांत कुंकवाविषयीं एक शब्द त्यांच्या तोंडून आम्हीं ऐकला नव्हता.

येथें थोडें शास्त्र. अमरकोशांत ‘कुंकुम’ म्हणजे केशर. ‘काश्मीरजन्म’ हें त्याचेंच नांव. आपण लावतों तें कुंकू केशराचें नव्हे, हळदीचें. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळें येतो त्यास कुर्कुमिन म्हणतात आणि क्षाराशीं गांठ पडतांच तें तांबडें होतें. धोतरावरचा वरणाचा डाग साबण लावतांच लाल होतो, तो याच कारणानें. चैत्री पौर्णिमेस आमच्याच जिल्ह्यांत येरमाळ्यास येडेश्वरीचे भक्त चुनखडीचे खडे वेचतात. त्या चुन्याच्या निवळींतहि हळद लाल होते. पण तो रंग टिकाऊ नव्हे, हवा लागून पुन्हां पिवळ्यावर येतो. टाकणखार आणि लिंबाचा रस यांच्या संगतीनें चढणारा रंग निराळा व पक्का. आमच्या आजीपणजींना कुर्कुमिन हें नांव ठाऊक नव्हतें. रंग मात्र कोणता टिकतो हें पक्कें ठाऊक होतें.

वहिनींची रीत अशी. हळकुंडें फोडून लिंबाच्या रसांत टाकणखार व तुरटी घालून चिनी मातीच्या बरणींत भिजत घालावयाचीं, रोज वरखालीं करावयाचीं, रंग गाभ्यापर्यंत पोंचला कीं सावलींत खडखडीत वाळवावयाचीं. मग कुटून, वस्त्रगाळ करून, तिळाच्या तेलाचा किंचित् हात द्यावयाचा. सांगावयास सोपें. पहिली खेप भाद्रपदांत केली, ती ओलसर राहिली व आठ दिवसांत तिच्यावर बुरशी धरली. दुसरींत टाकणखार अधिक झाला. रंग सुरेख आला, पण वहिनींनीं मनगटावर लावून पाहिलें तों तें चुरचुरूं लागलें. सगळी खेप उकिरड्यावर गेली. भांडण झालें तें मापावरून. वहिनींचें माप मुठीचें, सूनबाईचें ग्रॅमचें. शेवटीं सूनबाईनें वहिनींची मूठ पांच वेळां तराजूंत तोलली, पांचांची सरासरी काढून वहींत लिहिली आणि दोघींचें समाधान झालें. वैशाखांतली तिसरी खेप उतरली. आमच्या कुटुंबाचें कपाळ तोंवर बरें झालें होतें. डॉक्टरांना विचारून, आधीं दंडावर लावून पाहून, तिनें तें लावलें. त्रास झाला नाहीं.

शेजारणी मागूं लागल्या, तेव्हां विक्रीची गोष्ट निघाली आणि आमचा विरोधहि. शिक्षकाच्या घरांतून रंगाच्या पुड्या विकावयाच्या? पण वाद घालण्यासाठीं पोथ्या काढल्या, त्या आमच्यावरच उलटल्या. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत मानसोल्लास रचला, त्यांत उटणीं आणि विलेपनें यांचा विस्तार आहे. आणि त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे उमरग्यापलीकडचें आजचें बसवकल्याण. आमच्या तेरचें जुनें नांव तगर, आणि तगर हें एका सुगंधी द्रव्याचेंहि नांव! राजाला जें लिहितांना कमीपणा वाटला नाहीं, तें विकतांना आम्हांस कां वाटावा, याला उत्तर सुचेना.

शिवाय अलीकडचें उदाहरण होतेंच. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं मुंबईस परळला लहानशा जागेंत दंतमंजनाचा धंदा मांडला. माल घरोघर हिंडून विकला. त्यांतून विको हें नांव झालें. पुढें १९७५ च्या सुमारास त्यांच्या मुलानें, गजानन पेंढरकर यांनीं, हळदीचें क्रीम काढलें. लोक पांढऱ्या स्नोला सरावलेले, त्यांत पिवळें क्रीम! शिवाय तें औषध कीं प्रसाधन, यावरून अबकारी खात्याशीं जो वाद झाला तो वर्षानुवर्षें चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व तेथें कंपनीच्या बाजूनें निकाल लागला. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता; कर किती, हें त्या शब्दावर ठरत होतें. कुंकवाची स्थिति याबाबतींत बरी. कुंकू, टिकली व अळता यांवर वस्तु-सेवा कर नाहीं.

परवान्यावांचून मात्र सुटका नाहीं, आणि बहुतेक घरगुती धंदे येथेंच अडखळतात. औषधांचा १९४० चा कायदा १९६२ सालीं प्रसाधनांना लागू झाला. आतां २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. स्वयंपाकघरांत केलेला माल बाजारांत नेतां येत नाहीं; वेगळी स्वच्छ जागा हवी, रसायन किंवा औषधनिर्माण शिकलेलें एक तरी माणूस देखरेखीस हवें, आणि पुडीवर करणाराचें नांव-पत्ता, खेपेचा क्रमांक, घटक व मुदत छापावी लागते. ज्यांना जागा नाहीं त्यांनीं दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यांत माल करून घेण्याचीहि सोय आहे. आमच्या खेड्यांतल्या वाड्याच्या पडवीला फरशी, जाळी व नळ केला. पंतप्रधान रोजगारनिर्मिति योजनेंत खेड्यांतील स्त्रीस पदरचे शेंकडा पांच घालावे लागतात आणि शेंकडा पस्तीस अनुदान मिळतें. बाकीचें बँकेचें कर्ज. पदरचे पांच सूनबाईनें बांगडी मोडून उभे केले. आम्हांस तें मागाहून कळलें.

माल घेऊन प्रथम तुळजापुरास गेलों. महाद्वाराजवळच्या एका दुकानदारानें पुडी उघडली, चिमूट बोटावर घासली आणि म्हणाला, “मास्तर, माल खरा आहे. पण भाविकाला लालभडक लागतो, मळवट लांबून दिसला पाहिजे. आणि तुमच्या भावांत मला दुपटीहून अधिक कुंकू येतें.” तो खोटें बोलत नव्हता. घरीं आल्यावर चिरंजीवांनीं सुचविलें कीं कायद्यानें मान्य केलेला रंग थोडासा घालावा व चिठ्ठीवर तसें छापावें. त्यांत लबाडी नाहीं. खरोखरच नाहीं. आम्ही स्वतः त्या बाजूस झुकलों होतों, कारण हप्ता जवळ आला होता. सूनबाई म्हणाली, “बाबा, मग तें बाजारांतल्या पुडीहून निराळें काय राहिलें? आईंना काय म्हणून द्यायचें?”

तिचा कटाक्ष एवढ्यावर थांबला नाहीं. हळदीलाहि पिवळेपणा यावा म्हणून शिशाचा रंग चोपडणारे असतात, म्हणून हळद अखंड हळकुंडांचीच घेतली जाते, पूड नाहीं. कधीं सांगलीकडची राजापुरी, कधीं वसमतची. नियमांप्रमाणें रंगद्रव्यांत शिसें दशलक्षांत वीस भागांहून व सोमल दोन भागांहून अधिक असतां कामा नये. ही तपासणी प्रयोगशाळेंतच होते व तिची फी नफ्यांतून जाते. (कित्येक भगिनी कुंकू आणि शेंदूर एकच समजतात. शेंदूर म्हणजे शिशाचीच लाल भुकटी. मारुतीच्या अंगावर तो ठीक आहे. लहान मुलाच्या कपाळावर लावूं नये.)

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे गांवांतल्या बायका आल्या. प्रत्येकीस एक पुडी दिली. कोणीतरी विचारलें, “हें केलें कोणीं हो?” वहिनी त्या वेळीं माजघरांत होत्या; पस्तीस वर्षें अशा दिवशीं त्या माजघरांतच असत आणि त्यांत कांहीं चुकतें असें आम्हांस, संस्कृताचा एवढा अभिमान बाळगणारांस, कधीं वाटलें नव्हतें. हेरवाडच्या ग्रामसभेनें ४ मे २०२२ रोजीं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व सरकारनें तो इतर गांवांपुढें ठेवला, हें आम्हींच वर्तमानपत्रांतून मोठ्यानें वाचून दाखविलें होतें. वाचलें आणि घडी घालून ठेवलें. आमचें कुटुंब उठलें, आंत गेलें आणि वहिनींना हाताला धरून बाहेर घेऊन आलें. बहुतेकींनीं वहिनींच्या हातून पुडी घेतली. दोघींना मात्र एकाएकीं उशीर झाल्याचें आठवलें.

त्या रात्रीं सूनबाईनें परवान्याचा अर्ज पुढें ठेवला. धंद्याच्या नांवाची जागा रिकामी होती. तेथें तिनें वहिनींचें नांव लिहिलें आणि वहिनींना विचारलें, “काकू, तुम्हीहि लावाल ना आतां?” वहिनी म्हणाल्या, “कपाळाला नको ग, सवय गेली. पुडीवर नांव असूं दे.”

गेल्या नवरात्रापर्यंत कर्जाचे नऊ हप्ते वेळेवर गेले, एक चुकला. नफ्याचा निम्मा भाग वहिनींच्या पोस्टांतल्या खात्यांत जातो. रक्कम लहान आहे. तुळजापूरचा तो दुकानदार कोजागिरीनंतर स्वतः आला. लालभडक माल त्याच्याकडे आहेच, पण गिऱ्हाइकांपैकीं कांहीं बायका नांव छापलेली पुडी मागतात, असें म्हणाला. दहा किलो हवें होतें, उधारीवर. वहिनींनीं पांच किलो दिलें, रोखीनें.