समुद्रकांठची सफर आणि वाटाड्या

हरिहरेश्वराला जाऊन आलेल्या माणसाला "प्रदक्षिणा झाली का?" असें विचारलें, तर बहुधा दोनच प्रकारचीं उत्तरें मिळतात. एक, "झाली, फारच सुंदर आहे", आणि दुसरें, "नाहीं हो, भरती होती." या दुसऱ्या उत्तराविषयीं मी आज आपल्याशीं बोलणार आहें. भरतीमुळें ज्याला परत फिरावें लागलें, त्याचा दिवस फुकट गेला असें आपण समजतों. परंतु त्याला कोणीतरी वेळेवर अडविलें होतें, आणि तो अडविणारा मनुष्य बहुधा त्याच गांवचा होता, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

मुंबईपुण्याकडील कुटुंबांत हल्लीं एक रीति पडली आहे. चारसहा माणसांनीं मिळून मोटार ठरवावी, आदल्या रात्रीं हरिहरेश्वरीं किंवा श्रीवर्धनास मुक्काम करावा, आणि दुसऱ्या दिवशीं तेथलाच एखादा माहीतगार वाटाड्या बरोबर घेऊन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें थेट दिघीपर्यंत जावें. मुंबईहून हरिहरेश्वर सुमारें दोनशें किलोमीटर आहे; तेथून पुढचा हा किनारा मात्र वळणें घेत घेत साठसत्तर किलोमीटरांपलीकडे भरत नाहीं. रीति चांगली आहे. पण वाटाड्याचा खर्च कशाला, असा प्रश्न घरोघरीं निघतो. रस्त्यावर पाट्या आहेत, हातांतला फोन वाट दाखवितो, आणि मंदिराची माहिती तर बाहेर फलकावर लिहिलेलीच असते. हें सगळें खरें आहे. रस्त्यासाठीं वाटाड्याची मुळींच गरज नाहीं. तो घ्यावयाचा तो पाण्यासाठीं.

हा किनारा असा कड्याकपारींचा कां झाला, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीला भेगा पडून लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. सह्याद्रि आणि दख्खनचें पठार हीं त्याच थरांचीं बनलेलीं आहेत. पुढें या भूमीचा पश्चिमेकडील भाग तुटून दूर गेला. हिंदी महासागरांतील सेशेल्स बेटें हा त्याचाच एक अवशेष होय. तुटल्या कांठावर समुद्र तेव्हांपासून काम करीत आहे. सगळे थर सारखे कठीण नाहींत. जेथें खडक भक्कम, तेथें डोंगराची सोंड तशीच पाण्यांत शिरलेली राहिली. जेथें तो भेगाळ, तेथें समुद्र आंत आला आणि त्या खोबणींत वाळू सांचून श्रीवर्धन, दिवेआगर यांसारख्या लांब पुळणी तयार झाल्या. हरिहरेश्वराचा डोंगर ही अशीच एक सोंड आहे. तिच्या दक्षिणेस महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री समुद्राला मिळते, आणि खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला व नाना फडणिसांचें मूळ गांव वेळास हीं आहेत.

या सोंडेच्या पायथ्याशीं लाटा आदळून आदळून खडक खालून पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो, कोसळलेले दगड पाणी ओढून नेतें, आणि मागें उरतो तो कातळाचा सपाट ओटा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा याच ओट्यावरून जाते. आधीं मंदिरामागून डोंगर चढावयाचा, मग दोन उभ्या कातळांमधील अरुंद फटींतून पायऱ्यांनीं खालीं उतरावयाचें, आणि कडा एका हाताला व समुद्र दुसऱ्या हाताला ठेवून ओट्यावरून वळसा घालून परत यावयाचें. तेथील कातळाला मधाच्या पोळ्यासारखीं लहानमोठीं भोंकें पडलेलीं आहेत. लाटांचे तुषार खडकाच्या छिद्रांत मुरतात, उन्हानें पाणी उडून जातें, मिठाचे स्फटिक मागें राहतात, आणि ते फुगतांना भोंवतालचा कण न् कण सुटा करतात. एकदां खळगा पडला कीं त्यांत ओल जास्त वेळ टिकते, म्हणून तो आणखी खोल होत जातो. मुलें तेथें हटकून विचारतात कीं हें कोणीं कोरलें? त्यांना मीठ हें उत्तर द्यावें; तें त्यांना फार आवडतें असा माझा अनुभव आहे.

आतां पाण्याच्या वेळेविषयीं. कोंकणांत एक जुना हिशेब आहे, आणि तो प्रत्येक घरांत माहीत असावा इतका सोपा आहे. पंचांगांतील तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजतां पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणून सकाळीं आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो कीं कृष्ण पक्ष असो, हिशेब तोच. याचें कारण असें कीं चांद्रमासांत तिथि तीस, आणि तेवढ्या मुदतींत भरतीची वेळ चोवीस तास फिरून मूळ जागीं येते. म्हणजे दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटें, पाऊण तासाहून तीनच मिनिटें अधिक. या हिशेबांत अर्ध्यापाऊण तासाची चूक राहते, हें मात्र विसरूं नये. अचूक वेळा हल्लीं फोनवर मिळतात.

वेळेबरोबर पाण्याची उंचीहि पाहावी लागते. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास सूर्यचंद्रांचें आकर्षण एका रेषेंत येतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास तें एकमेकांशीं काटकोनांत असतें, तो भांग. उधाणाला पाणी फार चढतें आणि फार उतरतें. सर्वांत मोठें उधाण मात्र पौर्णिमेच्या दिवशीं नसून तिच्यानंतर एकदोन दिवसांनीं येतें. ही गोष्ट पुस्तकांत वाचूनहि मी विसरलें होतें, आणि ती मला हरिहरेश्वरीं शिकावी लागली.

माघांतील द्वितीया होती. माझे यजमान, माझी धाकटी जाऊ, आणि मुलें धरून आम्ही सात माणसें होतों. वाटाडे साठी उलटलेले, जन्मभर होडीवर गेलेले. त्यांनीं आदल्या रात्रींच बजावलें होतें कीं सकाळीं साडेसहाला तयार राहा. आम्ही अर्थात् तयार नव्हतों. चहा झाला, मग घरच्या बाईंनीं आग्रहानें घावन घातले, आणि डोंगरावर पोहोंचेपर्यंत साडेदहा वाजले. पायऱ्यांच्या तोंडाशीं वाटाडे उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, आतां खालीं जायचं नाहीं." खालीं पाहिलें तों ओटा लख्ख कोरडा दिसत होता. ऊन पडलें होतें, वारा नव्हता. यजमान म्हणाले, "काका, अहो, अर्ध्या तासांत जाऊन येतों." त्यावर ते म्हणाले, "साहेब, जाल अर्ध्या तासांत. येतांना वाट राहणार नाहीं."

खरें सांगावयाचें तर मला राग आला. पैसे आम्हीं दिलेले, मुलें हिरमुसलेलीं, आणि समोर समुद्र अगदीं शांत. त्यांना परत लवकर जावयाचें असेल, असेंहि माझ्या मनांत येऊन गेलें. मी तें बोललें नाहीं, पण तोंडावर दिसलें असावें; कारण ते कांहीं न बोलतां तेथेंच एका दगडावर बसले आणि आम्हांलाहि बसावयास सांगितलें. पाऊण तासांत ओट्याच्या कडेवरून पहिली लाट आंत आली. तिच्यामागून दोनतीन लहान आल्या, आणि मग एक अशी आली कीं ती सरळ कड्याला भिडून उंच उसळली आणि परत जातांना ओट्यावरील सारें पाणी ओढून घेऊन गेली. द्वितीयेची पाऊणपट दीड. पूर्ण भरतीला अजून दोन तास होते. माझी जाऊ मुलाचा हात घट्ट धरून उभी होती. कोणीहि कांहीं बोललें नाहीं.

या ओट्यावरून आजवर अनेक माणसें वाहून गेलीं आहेत. तीं सगळीं बेफिकीर होतीं असें मी म्हणणार नाहीं. फसगत होते ती अशी कीं लाटा सारख्या उंचीच्या नसतात. दूरवरच्या वेगवेगळ्या वादळांतून निघालेल्या लाटांच्या रांगा एकमेकींवर चढतात, आणि मग दहा लहान लाटांनंतर एक मोठी येते. येथें आकाश निरभ्र असतांनाहि ती येते. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा उंच लाटांचे इशारे प्रसिद्ध करतें. निघण्यापूर्वीं ते पाहावे. परंतु ठराविक खडकावर ठराविक वेळीं पाणी कोठून आंत येतें, हें जन्मभर तेथें वावरलेल्यालाच कळतें.

म्हणून वाटाडा ठरवितांना त्याला इतिहास किती येतो हें विचारूं नका. आमच्या जाण्याच्या दिवशीं ओहोटी कधीं, हें विचारा. जो चटकन् सांगेल, किंवा पंचांग पाहून सांगतों म्हणेल, तो आपला. "केव्हांहि या, दाखवितों" असें म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. मोबदला दिवसाचा ठरवावा, स्थळांच्या संख्येवर ठरवूं नये. नाहींतर प्रत्येक जागा दाखविण्याची त्याला घाई होते आणि नाहीं म्हणणें त्याच्या हिताचें राहत नाहीं. आणि जेवण त्याच्याबरोबरच घ्यावें. मोटारचालक व वाटाड्या यांना झाडाखालीं ठेवून आपण आंत जेवणें मला तरी बरें वाटत नाहीं. शिवाय किनाऱ्याच्या खऱ्या गोष्टी पानावरच निघतात.

दोन वर्षांनीं आम्ही पुन्हां गेलों, पौषांतील षष्ठीला, त्यांनींच सांगितलेल्या तिथीला. षष्ठीची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी सकाळीं सव्वादहाच्या सुमारास. साडेनवाला खालीं उतरलों आणि निवांतपणें प्रदक्षिणा केली. भांग जवळ आल्यामुळें पाणी बेताचेंच हालत होतें. त्यानंतरचा दिवस मोकळा मिळाला. श्रीवर्धन हें 1713 सालीं पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथ भटांचें गांव. तेथें थोडा वेळ थांबलों. तेथून शेखाडीकडून जो रस्ता दिवेआगरला जातो, तो मला या सबंध सफरींत सर्वांत आवडतो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खालींच काळे कातळ आणि पाणी. वाटेंत भरडखोलला कोळ्यांची मोठी वस्ती आहे.

दिवेआगरच्या वाड्यांत आमच्या वाटाड्यांचीहि चुलत्यांकडून आलेली थोडी सुपारी होती. 3 जून 2020 रोजीं निसर्ग हें चक्रीवादळ याच भागांत किनाऱ्यावर चढलें आणि नारळीपोफळींच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पण नवीन लावलेली पोफळ फळ धरावयास पांचसात वर्षें घेते. तोंवर घर कशावर चालावयाचें? "तेव्हांपासून जास्त माणसं घेऊन फिरतो," असें ते पानावर बसले असतां म्हणाले, आणि आमटी मागितली. दोन वर्षांपूर्वीं ज्यांना दिवस लवकर संपवावयाचा आहे असें मला वाटलें होतें, त्यांना तो दिवस किती हवा होता, हें मला तेव्हां समजलें. त्या दिवशींचा मोबदला आम्हीं कापला नव्हता, एवढेंच त्यांतल्या त्यांत बरें.

दिघीला पोहोंचलों तेव्हां साडेतीन झाले होते आणि खाडी भरत आली होती. पलीकडे जंजिरा दिसतो. सिद्दींचें संस्थान 1948 सालीं विलीन झालें. पावसाळा सोडून एरवीं तेथें होडीनें जातां येतें. होडींतील माहितगार तुम्हांला सांगेल कीं किल्ला बावीस एकरांचा, बांधावयास बावीस वर्षें लागलीं, आणि बुरूज बावीस. बुरुजांची संख्या ग्रंथांत एकोणीस दिलेली असते. मुलांना मोजावयास सांगावें, होडीचा वेळ चांगला जातो. आमचे वाटाडे होडींत आले नाहींत. इतिहासांतलें आपल्याला कांहीं कळत नाहीं म्हणाले, आणि धक्क्यावर सांवलींत बसून राहिले. आम्ही परत आलों तेव्हां ते फोनवर दुसऱ्या दिवशींच्या मंडळींशीं बोलत होते. "उद्यां सप्तमी आहे," ते म्हणत होते, "दहाला मंदिरापाशीं या. तुम्हीं बाराला म्हणाल, तर मी यायचा नाहीं."