जुना कर्नल जागेवरच असतो

‘अपडेट मारू नका, मशीन उठणार नाही.’ कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एखाद्या पेढीवर जुन्या कॉम्प्युटरला लिनक्स टाकून दिलं की हा सल्ला त्यासोबत फुकट मिळतो.

सल्ला देणाऱ्याला वाटतं, नवा कर्नल जुन्याला पुसून त्याच्या जागी बसतो आणि मध्येच लाइट गेली की खेळ खलास. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्यामुळे भीती समजण्यासारखी आहे. पण उबुंटू लिनक्समध्ये नव्या कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. म्हणून ते वेगळं पॅकेज ठरतं आणि जुन्याच्या शेजारी बसतं. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स ज्या डेबियनवर उभं आहे, तिथेही साधारण हीच रीत. ‘लिनक्स-जेनेरिक’ हे जवळजवळ रिकामं पॅकेज फक्त ताज्या कर्नलकडे बोट दाखवतं. नवा कर्नल चालला नाही, तर मशीन सुरू होताना ग्रब या बूट-प्रोग्रामच्या यादीतून जुना निवडायचा.

खरी अडचण वेगळीच असते. कर्नलच्या फाइली जिथे राहतात त्या ‘बूट’चं वेगळं, लहान पार्टिशन केलेलं असेल, तर साठलेल्या कर्नलांनी ते भरतं आणि पुढचं अपडेट अर्ध्यात अडकतं. ‘ऑटोरिमूव्ह’ची एक कमांड दिली की जुने निघतात, पण ती देतो कोण!

अपडेट झालं म्हणजे मशीन सुरक्षित झालं, हाही भ्रमच. रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत जुनाच कर्नल चालत राहतो. 2015 साली लिनक्स 4.0मध्ये रीस्टार्टशिवाय दुरुस्ती करणारं लाइव्ह पॅचिंग आलं, पण त्यातून निवडक दुरुस्त्याच होतात.

आकड्यावरून कर्नलचं वय ठरवणारेही भेटतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8मध्ये आजही 4.18 दिसतं. मूळ 4.18 आलं 2018 साली, पण नंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या कंपनी त्याच क्रमांकात मागे आणून बसवते.

आणि मिररवरून, म्हणजे पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, घेतलेल्या पॅकेजात भेसळ? कर्नाटकातला गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून खपवतात, ही आपल्या बाजाराची जुनी तक्रार. तिथे शिक्का बॉक्सवर असतो, आत काहीही भरता येतं. इथे डिजिटल सही असलेल्या यादीतून प्रत्येक पॅकेजच्या हॅशपर्यंत, म्हणजे त्याच्या आशयावरून काढलेल्या ठशापर्यंत, साखळी जाते. एक बाइट बदलला तरी हॅश जुळत नाही आणि पॅकेज नाकारलं जातं.

अपडेटच्या विरोधात 19 जुलै 2024चा दाखला मात्र हमखास दिला जातो. त्या दिवशी विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहावे लागले आणि खापर विंडोजच्या अपडेटवर फुटलं. प्रत्यक्षात ती क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक डेटा फाइल होती. ती वाचणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत असल्यानं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोसळली. अनेक ठिकाणी एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हातानं काढावी लागली.