मनाचे दुखणे

सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गाव मोरणा नदीच्या काठी वसले आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, आणि नागपंचमीच्या उत्सवामुळे तर या गावाचे नाव दूरवर पोहोचले आहे. नागाला भाऊ मानून त्याची पूजा करण्याची येथील स्त्रियांची चाल फार जुनी. पश्चिमेस चांदोलीचे अरण्य, पावसाळ्यात पाण्याने भरलेली भातखाचरे आणि दाट उसाचे मळे यांमुळे या मुलखात सापांचा वावर नेहमीचाच. सर्पदंशाचे भय येथील माणसाला नवे नाही.

एके काळी साप चावला, की खेडोपाडी प्रथम मांत्रिकाला बोलावणे जाई. मंत्र, अंगारा व गंडेदोरे यांत मोलाचा वेळ निघून जाई, आणि वाचू शकणारा माणूसही हातचा जाई. आज शहाणी माणसे तसे करीत नाहीत. सर्पविषावर प्रतिविष हाच उपाय आहे व ते सरकारी रुग्णालयात मिळते, हे ती जाणतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने अशी प्रतिविषे अनेक वर्षे तयार केली आहेत. साप तेच आहेत, भयही तेच आहे. बदलले आहे ते माणसाचे ज्ञान.

सर्पदंशाची खूण पुष्कळदा अंगावर दिसते. अनेकदा सूज येते, वेदना होतात. त्यामुळे घरचे लोक धावपळ करतात. पण काही दुखणी अशी असतात, की त्यांची खूण अंगावर कोठेच दिसत नाही. ताप नाही, जखम नाही, मोडलेले हाड नाही. तरीही माणूस आतून खचत जातो. अशा दुखण्यांपैकी एक म्हणजे नैराश्य. डॉक्टर त्याला डिप्रेशन असे म्हणतात. हे दुखणे ओळखावे कसे आणि त्यावर उपचार कोठे मिळतात, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे. कारण जे ओळखता येत नाही, त्यावर उपाय करता येत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असावी. दुःख म्हणजे नैराश्य नव्हे. परीक्षेत गुण कमी पडले, जिवलग मित्र गाव सोडून गेला, घरातील आजी वारली, तर मन खिन्न होणारच. तसे न झाले तरच नवल! असे दुःख हळूहळू ओसरते. मधूनच एखाद्या गोष्टीचे हसू येते, जेवण गोड लागते, खेळावेसे वाटते. नैराश्यात मात्र तसे होत नाही. उदासपणा दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, आणि निदान दोन आठवडे तरी टिकून राहतो. ज्या गोष्टींत पूर्वी आनंद वाटे, त्यांतही मन रमत नाही. कारण घडून गेलेले असो वा काहीच कारण नसो, मनावरचे मळभ दूर होत नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. वारणेच्या खोऱ्यातील एका वाडीत एक शेतकरी आहे. पहाटे उठून गुरांना वैरण घालणारा, भजनात पुढे बसणारा, मुलांशी थट्टामस्करी करणारा असा हा मनुष्य. पुढे त्याच्यात बदल होऊ लागतो. पहाटे तीनलाच त्याची झोप मोडते, पण उठावेसे वाटत नाही. जेवण कमी होते, कपडे ढिले होऊ लागतात. काही श्रम न करताच अंग थकते. सोसायटीच्या कागदांवर नजर फिरते, पण त्यांतील मजकूर डोक्यात शिरत नाही. भजनाला तो जात नाही. ‘माझ्यामुळेच घराचे वाटोळे झाले,’ असे तो पुनःपुन्हा म्हणतो. घरातील माणसे म्हणतात, आळस चढला आहे. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा असावी. कोणी उपदेश करतो, ‘मन घट्ट करा.’ हे सारे लोक वाईट नसतात. परंतु ते दुखण्याला चुकीचे नाव देतात, आणि म्हणून उपाय चुकतो. तो शेतकरी आळशी नाही आणि बाधितही नाही. तो आजारी आहे.

झोप व भूक यांत बिघाड, सततचा थकवा, लक्ष न लागणे, निर्णय घेता न येणे, स्वतःला कवडीमोल समजणे, उगाच अपराधी वाटणे, आणि जगण्यात काही अर्थ नाही असे विचार येणे, ही या आजाराची लक्षणे होत. सर्वांत सर्वच लक्षणे दिसतात असे नाही. कोणाची झोप उडते, तर कोणी दिवसभर झोपून राहतो. मुलांमध्ये तर हा आजार निराळाच वेष घेऊन येतो. मूल उदास दिसण्याऐवजी चिडचिडे होते, क्षुल्लक कारणावरून रडते, सवंगड्यांना टाळते. डॉक्टरांनी तपासूनही कारण न सापडणारी पोटदुखी व डोकेदुखी वरचेवर होते, शाळा नकोशी वाटते. अशा मुलाला नाठाळ ठरवून शिक्षा करणे म्हणजे ताप आलेल्या मुलाला अंग गरम आहे म्हणून मारणेच होय.

हा आजार कशामुळे होतो? त्याचे एकच एक कारण सांगता येत नाही. काही घराण्यांत तो अधिक आढळतो. म्हणजे त्यात आनुवंशिकतेचा काही भाग आहे. मेंदूच्या कार्यातील बदलांचाही त्याच्याशी संबंध असतो. जवळच्या माणसाचा वियोग, कर्ज, बेकारी, छळ, एकाकीपणा किंवा दीर्घ शारीरिक आजार यांमुळे तो उद्भवू शकतो. 2019 साली कृष्णा व वारणा या नद्यांना महापूर आला, तेव्हा सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील कितीतरी कुटुंबांची घरे, पिके व जनावरे गेली. अशा आपत्तीनंतर भिंतींवरचा चिखल धुऊन निघतो, पण काहींच्या मनावरचा भार राहून जातो. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना हा आजार होतो, तर उतारवयात काही वृद्धांना. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावले, तरी अशीच लक्षणे दिसतात. म्हणून डॉक्टर कधी कधी रक्ताचीही तपासणी करावयास सांगतात. श्रीमंत व गरीब, शिकलेला व निरक्षर, असा भेद हा आजार करीत नाही. मनाच्या दुबळेपणाशी त्याचा काही संबंध नाही.

हा आजार विरळा आहे, असेही नाही. बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेने 2015-16 मध्ये देशातील 12 राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. दर 20 प्रौढ माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठलेले असते, असे तीत आढळले. म्हणजे एस. टी.च्या एका भरलेल्या गाडीत असे दोन-तीन प्रवासी सहज असावयाचे! मात्र त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. लोक काय म्हणतील, या भीतीने दुखणे झाकून ठेवले जाते.

पूर्वी क्षयरोगाचीही हीच कथा होती. क्षयाचे नाव उच्चारण्यास लोक कचरत. घरात क्षयाचा रोगी असला तर मुलामुलींची लग्ने जुळत नसत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत अशा रोग्यांसाठी आरोग्यधाम उभारलेले होते. पुढे गुणकारी औषधे निघाली आणि त्या रोगाची दहशत ओसरली. योगायोग असा, की नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी एक याच रोगाच्या संशोधनातून हाती आले. 1952 साली न्यूयॉर्क शहरातील एका रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना एक नवे औषध देण्यात येत होते. त्या औषधाने खंगलेले रोगी अनपेक्षितपणे उत्साही व आनंदी दिसू लागले. डॉक्टरांनी ही गोष्ट हेरली, आणि पुढे ते औषध नैराश्यासाठी वापरून पाहण्यात आले. त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील रोलान्ड कून या डॉक्टरांनी आणखी एका औषधाचा गुण दाखवून दिला. तेव्हापासून अधिक सुरक्षित अशी अनेक औषधे निघाली आहेत.

आज या आजारावर मुख्यतः दोन प्रकारचे उपचार आहेत. पहिला बोलण्याचा. प्रशिक्षित समुपदेशक रोग्याचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकतो, त्याच्या मनात घर करून बसलेले चुकीचे विचार त्याला तपासून पाहावयास शिकवतो, आणि सुटून गेलेली लहान लहान कामे पुन्हा सुरू करण्यास साहाय्य करतो. आजार सौम्य असेल तर एवढ्यानेही पुष्कळदा गुण येतो. दुसरा उपचार औषधांचा. ही औषधे मानसोपचारतज्ज्ञ किंवा अन्य डॉक्टर देतात. त्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधी अधिकही, लागतात. म्हणून आठ दिवसांत बरे वाटले नाही, तर निराश होऊ नये. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने औषध चालू ठेवावे लागते. ते मनाने बंद करू नये. या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. नियमित झोप, व्यायाम आणि माणसांची सोबत यांचीही मोठी मदत होते.

विदर्भातील एक प्रयोग या बाबतीत मोठा बोलका आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 खेड्यांत गावातीलच माणसांना शिक्षण देऊन नैराश्याची ओळख घरोघरी करून देण्यात आली व उपचारांची सोय जवळ आणण्यात आली. प्रारंभी नैराश्य असलेल्या 100 जणांपैकी जेमतेम चारजण मदत घेत होते. 18 महिन्यांनंतर ती संख्या 27 पर्यंत गेली. गावकऱ्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओसरीवर माहिती मिळाली, की ते उपचारांस नकार देत नाहीत, हे यावरून दिसून येते.

मराठी कलावंतांनीही या विषयाकडे पाठ फिरवलेली नाही. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटात नैराश्याने ग्रासलेला एक तरुण आणि त्याला प्रश्न न विचारता आसरा देणारी एक स्त्री यांची कथा आहे. मानसोपचारतज्ज्ञ असलेले अभिनेते डॉ. मोहन आगाशे हे त्याचे निर्माते होते. 2016 च्या चित्रपटांतून सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार देण्यात आला.

कायद्यानेही रोग्याची बाजू घेतली आहे. महाराष्ट्रात 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी सापडतात. साप चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे, आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली एखाद्यास मारहाण करणे हाही गुन्हाच आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येकास सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. रोग्याची माहिती गुप्त ठेवणे हेही त्यात बंधनकारक आहे.

मग घरातील कोणी असे आजारी दिसले, तर मुलांनी काय करावे? मुलाने वैद्य व्हावयाचे नसते, आणि मोठ्या माणसाच्या दुखण्याचा दोष स्वतःकडे तर मुळीच घ्यावयाचा नसतो. जवळ बसावे, बोलले तर ऐकावे, थट्टा करू नये. पाहिलेली लक्षणे आई, वडील, आजोबा, मावशी, शिक्षक यांपैकी ज्यांच्यावर विश्वास असेल, त्यांना सांगावीत. स्वतःला तसे वाटत असेल, तरीही हेच करावे. एकाने मनावर घेतले नाही, तर दुसऱ्यास सांगावे. ‘मला जगावेसे वाटत नाही,’ असे कोणी म्हणाले, तर ती गोष्ट कोणत्याही शपथेखातर मनात दडवू नये. तत्काळ मोठ्या माणसाला बोलवावे आणि त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. असे गुपित फोडणे ही चहाडी नव्हे. ते मैत्रीचे कर्तव्य होय.

उपचारांसाठी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जावे. तेथील डॉक्टर गरज पडल्यास पुढे पाठवितात. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. प्रवास करणे शक्य नसेल, तर दूरध्वनी आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, भारत सरकारने ‘टेलि मानस’ ही सेवा सुरू केली. 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे.

नैराश्य बरे होते. त्यातून उठलेली माणसे पुन्हा नांगर धरतात, वर्गात शिकवितात, संसार करतात, हसतात. सापाच्या विषाला लाजून कोणी घरात बसत नाही. मग मनाच्या दुखण्याचीच लाज का बाळगावी? खूण ओळखणे, वेळ न दवडणे आणि योग्य दार ठोठावणे, एवढे शहाणपण गावाने अंगी बाणवले, तर कित्येक घरांतील विझत चाललेले दिवे पुन्हा तेवू लागतील.