‘उत्पन्न’ : एक संज्ञा, दोन कायदे

ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे शासकीय साहाय्य घेणाऱ्याने आपल्या पाळीव कुत्रीची पिल्ले विकल्यास ते पैसे शासनास कळवावेत काय, हा प्रश्न वस्तुतः ‘उत्पन्न’ या संज्ञेच्या अर्थाचा आहे. करविषयक कायद्यात एप्रिल २०१७ पासून किरकोळ व्यवसायाच्या वार्षिक १,००० पौंडांपर्यंतच्या जमेस सूट आहे. यावरून, जे करपात्र नाही ते उत्पन्नच नव्हे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु साहाय्याच्या नियमांना ही सूट लागू नाही. तेथे जमेतून मान्य खर्च वजा करून उरलेली कमाई धरली जाते. काहींना मिळणारी सवलतीची मर्यादा ओलांडली की दर पौंडामागे ५५ पेन्स साहाय्य घटते.

२०१३ च्या नियमांनुसार लाभदायक स्वयंरोजगार संघटित, विकसित, नियमित आणि नफ्याच्या अपेक्षेने चालविलेला असावा लागतो. एकाच वेताची पिल्ले या कसोटीस उतरतीलच असे नाही. तथापि त्यामुळे पैसे कळविण्याचे कर्तव्य संपत नाही. कळविणे हे लाभार्थ्याचे काम, वर्गीकरण हे अधिकाऱ्याचे. स्वतःच वर्गीकरण करून मौन पाळणाऱ्यावर जादा रकमेची वसुली, क्वचित दंडही, ओढवू शकतो.